खपली

पलूसच्या बाजारात काळी तलंग
शंभर रुपये स्वस्त मिळाली.
विकणारा डालग्यावरचं पोतं पुरतं उचलत नव्हता,
तेव्हाच कळायला हवं होतं.

आठव्या दिवशी तिच्या तुऱ्यावर मोहरीएवढे दाणे.
मी म्हटलं, डास चावले असतील.
(ते काही अगदीच खोटं नव्हतं, हे पुढं कळलं.)
मोहरीचे हरभरे झाले, हरभऱ्यांच्या खपल्या,
आणि एका सकाळी डोळे दोन्ही
दोऱ्यानं शिवल्यासारखे.
तोवर बोडकीला, दोन्ही पेरव्यांना,
आणि कोंबड्यालाही. तो पहाटे चारला
निम्मंच आरवून थांबायचा,
पुढचं विसरल्यासारखा.

बॅटरीच्या उजेडात चोच उघडून बघितली.
आत पिवळी साय.
"देवी आल्यात गं," कुडापलीकडून शमशाद मुलाणी म्हणाली,
आणि आपल्या अकराच्या अकरा हाकत आत घेऊन गेली.

कुणी सांगितलं, वेशीवर दहीभात ठेव.
ठेवला.
कावळ्यांना लाभला.

नवरा म्हणाला, "उद्या बाजार आहे.
तुऱ्याला तेल चोळ, चकाकतील.
जाऊ देत तिसऱ्याच्या दारात."
मी डालगं काढलंसुद्धा.
चौघींना आत कोंबलं, वर पोतं टाकलं,
आणि पोत्यावरचा माझा हात
मला त्या माणसाचा दिसला.

तेवढ्यात काडीपेटी मागायला ज्ञानू तुपे आला.
तोंडभर वण, उजव्या डोळ्याच्या जागी
शिजलेल्या अंड्यासारखं पांढरं.
उकिडवा बसला, पोतं बाजूला सारलं,
काळीकडं मान तिरकी करून बघत राहिला.
"भूक हाय हिला, वहिनी. दाणा दिसंना झालाय फक्त.
मी चार वर्साचा हुतो. आईनं एकवीस दिवस
बोटानं भरवलं."

मग रोज यायचा.
कण्या भिजवून, चिमटीत गोळी करून,
एकेकीच्या चोचीत.
मी जांभळ्या औषधाच्या पाण्यानं खपल्या ओल्या करायची,
वर हळद-तेल. ओढायची नाही.
ओढली की रक्त,
आणि पडलेली खपली उचलून चुलीत.
सांजेला कडूलिंबाचा धूर खुराड्यात.
मोरीमागं टायर होतं, पावसापासनं पाण्यानं भरलेलं,
आत वळवळणाऱ्या अळ्या.
त्या टायरवर बसून मी दोन महिने भांडी घासली होती.

कोंबडा गेला.
कापसाच्या बोळ्यानं घशातनं किती काढणार?
शेवग्याखाली खोल पुरला, चुना टाकून.
अजून चारला जाग येते.
पडून असते, उरलेलं निम्मं ऐकायला.

दवाखान्यातले लोहार लस घेऊन आले.
"आजारी असू देत. ज्या बऱ्या आहेत त्या धरा."
माझ्या तीन. शमशादच्या अकरा,
आता तीच घेऊन आली, न बोलता.
पंख पसरायचा, पातळ पडद्यात शीर चुकवायची,
दोन टोकांची सुई आरपार. झालं.
पाचवी कोंबडी फडफडली तशी
शमशादची बाही वर गेली.
दंडावर रुपयाएवढा गोल वण.
मीही माझी बाही सारली.
तिच्या देवी काढल्या कवठ्याला,
माझ्या विट्याला, शाळेच्या ओट्यावर,
रडले तर मास्तरांनी लिमलेटची गोळी दिली होती.
"मला नाही दिली," शमशाद म्हणाली,
आणि चौदा कोंबड्यांच्या गलक्यात
आम्ही दोघी खूप वेळ हसलो.

आठवड्यानं पंख उलटून बघितले.
टोचलं तिथं फुगून खपली धरलेली.
"लागली," लोहार म्हणाले. लस लागली.
तीच खपली, पण या वेळी बघून बरं वाटलं.

काळीचा एक डोळा उघडला.
दुसरा तसाच राहिला.
आता दाणा टिपताना ती मान तिरकी करते,
ज्ञानू काडी पेटवताना करतो तशी.
त्याला हे कुणी सांगितलेलं नाही.

बाजारात मी अजून त्या माणसाला शोधते.
सापडला तर काय बोलायचं, ठरत नाही.
कधी वाटतं, चारचौघांत पोतं उचलावं त्याचं.
लोहारांचा नंबर मात्र
चिठ्ठीवर लिहून
पिशवीत ठेवलाय.